सोलर आधी की गळती आधी?

कारखान्याच्या विजेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, हिंगणा एमआयडीसीत आमचं प्रेस पार्ट्सचं, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवायचं, छोटं युनिट आहे. दोन शिफ्ट चालतात. महिन्याचं वीजबिल साडेतीन लाखांच्या घरात गेलंय. सोलरवाले रोज दारात उभे असतात, बँकही कर्ज द्यायला तयार आहे. घरचे म्हणतात, आधीचे हप्ते फिटू द्या. मशीनना दाबाची हवा पुरवणारा ५० एचपीचा स्क्रू कंप्रेसर आहे. तो दिवसभर थांबत नाही आणि मे महिन्यात दुपारी तापून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मग पोरं त्याच्यासमोर कूलर लावतात. सोलर लावू की थांबू?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : भाऊ, थांबा. घरचे बरोबर सांगताहेत. सोलरला माझा विरोध नाही, आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. पण आजचं बिल समोर ठेवून पॅनल मोजलेत, तर त्या बिलात जी वीज वाया जातेय तिच्यासाठीही तुम्ही कर्ज काढाल. शिवाय तुमची दुसरी शिफ्ट बरीचशी अंधारातच चालते. आणखी एक सांगते : पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्के उतरते. एजंट मे महिन्याच्या उन्हाकडे बोट दाखवून हिशेब मांडत असेल, तर त्याला हे विचारा.

मला तुमच्या पत्रातलं एकच वाक्य खटकलं : कंप्रेसर थांबत नाही. प्रेसवर माल कमी-जास्त होतो, चहाची सुट्टी होते, डाय, म्हणजे साचा, बदलायला वेळ जातो. मग कंप्रेसर सारखा कोणासाठी हवा भरतोय? बहुतेक वेळा गळतीसाठी.

येत्या साप्ताहिक सुट्टीला स्वतः जा. हवेच्या लाइनचे सगळे व्हॉल्व्ह रोजच्यासारखे उघडे ठेवा, पण एकही मशीन चालवू नका. फक्त कंप्रेसर सुरू करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घ्या. प्रेशर भरलं की कंप्रेसर अनलोड होतो, म्हणजे हवा न भरता नुसता फिरतो, आवाज बदलतो. प्रेशर उतरलं की पुन्हा लोड घेतो, म्हणजे हवा भरू लागतो. लोडचे सेकंद आणि अनलोडचे सेकंद चार-पाच फेऱ्या लिहून काढा. समजा लोड ८० सेकंद आणि अनलोड १२० सेकंद आला. मग २०० पैकी ८०, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेच्या ४० टक्के हवा नुसती गळतेय. नीट राखलेल्या कारखान्यात हा आकडा १० टक्क्यांच्या आत ठेवता येतो. आणि अनलोड म्हणजे फुकट नव्हे बरं का! स्क्रू कंप्रेसर अनलोडवरही पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातो.

मशीन बंद असतात तेव्हा शेडमध्ये गळती कानांनी ऐकू येते. फुसफुस ऐकत चालत जा, संशय आला तिथे ब्रशने साबणाचं पाणी लावा. पाइपाच्या सरळ अंगात फारसं काही सापडणार नाही. सापडेल ते क्विक कपलरला (पाइप झटकन जोडायच्या जोडणीला), फिल्टर-रेग्युलेटरच्या वाटीला, पीयूचा म्हणजे लवचिक प्लास्टिकचा पाइप फिटिंगमध्ये जिथे शिरतो तिथे, आणि जुनं मशीन काढून नेल्यावर तशाच सोडलेल्या लाइनच्या टोकाला. जिथे बुडबुडा येईल तिथे लाल चिंधी बांधा. मी वीजवापर तपासायला गेले होते त्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात फोरमनने असं केलं, तेव्हा पेंट शॉपकडे जाणारी लाइन चिंध्यांनी भरून गेली होती. मालकांना माझा रिपोर्ट वाचावाच लागला नाही. ते त्या लाइनखाली उभे राहिले आणि तिथूनच स्टोअरला फोन लावला.

पैशांत सांगते. ७ बारला (बार हे हवेच्या दाबाचं माप) ३ मिलिमीटरचं एक भोक साधारण ३ किलोवॉट वीज खातं. दोन शिफ्टचे १६ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १४,४०० युनिट. युनिटमागे ९ रुपये धरा, सव्वा लाखाच्या वर जातं. एका भोकाचं! ते बुजवायला वॉशर, टेफ्लॉन टेप, फार तर नवा कपलर लागतो.

यानंतर कंप्रेसरच्या पॅनलवरचं प्रेशर बघा. ८ बार असेल तर विचारा, का? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की शेवटच्या मशीनला हवा पुरत नाही. ते दुखणं बारीक पाइपाचं असतं, औषध मात्र कंप्रेसरला दिलेलं असतं. गळती बंद झाली की अर्धा-अर्धा बार उतरवत जा आणि दर वेळी दोन-चार दिवस काम बघा. एक बार उतरला की कंप्रेसरची ६ ते ७ टक्के वीज वाचते.

आता तो कूलर. तो आजच हलवा. कूलरची दमट हवा कंप्रेसर आत ओढतो आणि तेच पाणी पुढे लाइनमध्ये, सिलिंडरमध्ये उतरतं. ट्रिपचं कारण बहुधा खोलीत आहे : वर तापलेला पत्रा आणि कंप्रेसरने फेकलेली गरम हवा तिथेच फिरतेय. गरम हवेला डक्ट करून ती बाहेर काढा आणि आत येणारी हवा उत्तरेच्या सावलीतून घ्या. कूलरची जाळी, म्हणजे मशीनचा ऑइल कूलर म्हणतेय मी, धुळीने भरली असेल तर ती साफ करून घ्या. आत येणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज साधारण १ टक्का जास्त लागते. बाहेर ४५ आणि खोलीत ५५ असेल, तर अडीच टक्के तिथेच गेले.

आणि एअर गनने कपडे झटकणं पूर्ण बंद करा. हवा वाया जाते हे आहेच, पण ती हवा जखमेतून रक्तात गेली तर माणूस जाऊ शकतो, डोळ्यात गेली तर डोळा. यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही.

हे सगळं करून सहा महिन्यांची बिलं जमवा. मग सोलरवाल्याला बोलवा आणि नव्या बिलावर पॅनल मोजायला लावा.

प्रश्न : आमची १५ एचपीची मोटर जळाली. जुनीच रिवाइंड करावी, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळून घ्यावी, की नवी आयई३ म्हणजे कमी वीज खाणारी घ्यावी? नवी महाग पडते.
– एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : मोटर दिवसाला किती तास चालते ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. १५ एचपी म्हणजे ११ किलोवॉट. चार पोलच्या मोटरमध्ये आयई१ ची, म्हणजे जुन्या दर्जाच्या मोटरची, कार्यक्षमता ८७.६ टक्के, आयई३ ची ९१.४. पूर्ण लोडवर फरक साधारण अर्ध्या किलोवॉटचा. वर्षाला ६,००० तास चालणारी असेल तर तीन हजार युनिट वाचतात आणि नवी मोटर लवकर पैसे फेडते. तासभर चालणारा पंप असेल तर खुशाल रिवाइंड करा.

रिवाइंड करताना दुकानात उभे राहा. जुनी तार काढायला स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) उघड्या आगीवर टाकत असतील तर मोटर उचलून आणा. त्या आगीत स्टेटरच्या कोअरच्या, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याच्या, पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मग ती मोटर आयुष्यभर जास्त तापते, जास्त वीज खाते. तारेचा गेज आणि वेढे जुन्याइतकेच हवेत. आणि मोटर घेण्याआधी जुनीवर किती लोड यायचा ते आठवून बघा. १५ ची मोटर निम्म्याहून कमी लोडवर चालत असेल तर १० ची पुरेल.

प्रश्न : एचटी (उच्चदाब) जोडणीच्या बिलात युनिटऐवजी केव्हीएएच लिहून येतं. रात्री कारखाना बंद असूनही पॉवर फॅक्टर खराब दिसतो. का?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : महावितरण एप्रिल २०२० पासून एचटी ग्राहकांना केव्हीएएचवर बिल देतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामाला किती आली त्याचं माप) खराब असला की बिल वाढतं. त्यात मोटरींमुळे येणाऱ्या लॅगबरोबर कपॅसिटर जास्त झाल्याने येणारं लीडही मोजलं जातं. रात्री मोटरी बंद आणि कपॅसिटर चालूच, असं होत असणार. एपीएफसी पॅनल, म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर चालू-बंद करणारं पॅनल, ऑटोवर आहे का बघा, कोणीतरी मॅन्युअलवर ठेवून विसरलं असेल.

प्रश्न : मौद्याकडे आमची उकड्या तांदळाची मिल आहे. बॉयलर तुसावर चालतो आणि तूस आमच्याच मिलचं. ते वाचवून काय मिळणार?
– एक वाचक, मौदा

उत्तर : तूस फुकट वाटतं, कारण त्याचं बिल येत नाही. पण वीटभट्टीवाला तेच तूस पैसे देऊन नेतो, म्हणजे तुम्ही रोज नोटाच भट्टीत टाकताय. धान वाळवायच्या ड्रायरच्या हीट एक्स्चेंजरमागे, म्हणजे वाफेने हवा तापते त्या भागामागे, जाऊन बघा. तिथून वाफेचं झालेलं उकळतं स्वच्छ पाणी नालीत जात असेल तर ते पाइपाने फीड टँकमध्ये, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीत, परत आणा. फीडचं पाणी ६ अंशांनी गरम झालं की इंधन साधारण १ टक्का कमी लागतं. ३० अंशांचं पाणी ६० वर आलं तर ५ टक्के तूस वाचलं. धान भिजवायच्या आणि वाफवायच्या टाक्यांचं पाणी मात्र यात घेऊ नका, त्यातली घाण बॉयलरच्या नळ्यांत बसते. फक्त ड्रायरचंच घ्या. आणि पाइपाला ग्लासवूल गुंडाळा, नाहीतर टाकीपर्यंत पोचेपर्यंत ते कोमट होईल.