मशीन राहू द्या, आधी सोनं सोडवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं बोर्ड आणि प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. वय 40, पत्नी, दोन मुलं. डिझाइन, कटिंग, फिटिंग आम्ही करतो. बोर्डावर चिकटवायच्या प्लॅस्टिक शीटचं, म्हणजे विनाइलचं प्रिंट बाहेरून चौरस फुटाला 22 रुपयांनी काढून आणतो. 12 लाखांचं इको-सॉल्व्हंट (विनाइल छापायचं) मशीन पाच वर्षांच्या कर्जावर घ्यावं का? स्वतः काढलं तर फूट 13 रुपयांत पडेल. 2023-24 आणि 2024-25 ची सरासरी महिन्याला 6,000 फूट आहे. बाजारात 7 लाख येणं आहे, त्यातून मार्जिन मनी, म्हणजे कर्ज घेताना आपल्या खिशातून घालायचा वाटा, भरू. भविष्याची चिंता नाही, वर्षाला दीड लाखाची पॉलिसी आहे, 2042 मध्ये बोनस धरून 48 लाख मिळतील. गेले दोन हप्ते पत्नीचे दागिने गहाण ठेवून भरले, पण पॉलिसी बंद पडू दिली नाही.

नमस्कार.

मशीनचं उत्तर 'आत्ता नको'. फुटामागे 9 रुपये वाचतात. अख्खे 12 लाख कर्ज धरलं तर 12 टक्क्यांनी हप्ता 27 हजार, ऑपरेटर 18 हजार, वीज आणि मशीनच्या प्रिंट हेडसाठी बाजूला 5 हजार, म्हणजे महिन्याला 50 हजार. ते भरून निघायला साडेपाच हजार फूट लागतात. तुम्ही म्हणाल, आमचे सहा हजार होतात. कोणत्या दोन वर्षांत? नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत संपत होती म्हणून अख्खी बाजारपेठ मराठी पाट्या लावायला धावली होती. मे 2024 मध्ये लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा. तुमच्याच तक्त्यातले ते महिने काढले तर 4,000 फूट उरतात. वाचणार 36 हजार, जाणार 50. लग्नसराईतला खप धरून हलवायाने भट्टी वाढवू नये.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते. पत्नीचे दागिने गहाण आहेत, कशासाठी? विम्याचा हप्ता भरायला! पत्रात हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंय. 3 लाखांवर 12 टक्क्यांनी वर्षाला 36 हजार व्याज जातं. ज्या पॉलिसीसाठी हे चाललंय ती 20 वर्षं दीड-दीड लाख घेऊन 48 लाख देणार, म्हणजे सव्वाचार-साडेचार टक्के, तेही बोनस सांगितल्याइतका मिळाला तर. करंट अकाउंट उघडताना बँकेतून 'एफडीपेक्षा भारी' म्हणून गळ्यात मारलेली ही वस्तू. त्या दिवशी बँकेत कुणाचं तरी टार्गेट पूर्ण झालं असेल, एवढंच. विमा म्हणावा तर 28 लाखांचा. दोन मुलं, आणि वर हे 12 लाखांचं कर्जही घ्यायचं होतं.

चार हप्ते, 6 लाख भरून झालेत. 'आता सोडली तर अर्धे बुडतील' हे खरंय. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे मागितले, तर 3 लाखांच्या आसपास हातात येतील. पण गेलेले गेले. यापुढचा हिशोब केला तर हे 3 लाख न घेता आणखी सोळा हप्ते भरून मिळणारा परतावा सहा टक्क्यांच्या आसपास येतो. एका हाताने 12 टक्के द्यायचे आणि दुसऱ्याने 6 घ्यायचे, हा व्यवहार तुम्ही दुकानात एक दिवस तरी कराल का? आधी एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या; प्रकृती ठीक असेल तर वर्षाला 20 हजारांच्या आसपास पडेल. ती पॉलिसी हातात आली की जुनीची सरेंडर व्हॅल्यू लेखी मागवा, ती सोडा आणि त्याच आठवड्यात दागिने घरी आणा. क्रम चुकवू नका.

राहिलं 7 लाखांचं येणं. त्यातले 3 लाख उमेदवारांकडचे, ते मार्जिन मनीत धरूच नका. निकालानंतर, जिंकलेला असो की हरलेला, बॅनरवाल्याचा फोन कुणी उचलत नाही. यापुढे त्या कामाचे पूर्ण पैसे आधी. उरलेले 4 लाख कंपन्यांकडचे आहेत. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, नसेल तर आजच करा, फुकट होते. 2006 च्या एमएसएमई कायद्याने करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, लेखी करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच; उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी क्रमांक आणि हे वाक्य पुढच्या प्रत्येक बिलावर छापा. छापखाना तुमचाच आहे.

आणि एक, हिशोब तपासताना दिसलं म्हणून. रोल चार फुटी, बोर्ड तीन फुटी, बिल तीन फुटांचं. कापून टाकलेला चौथा फूट गिऱ्हाइकाच्या भावात धरत नसाल तर तो तुमच्या खिशातून जातोय.

मशीनवाल्याला थांबायला सांगा. साध्या महिन्यांतले फूट वहीत वेगळे मांडत चला. सलग सहा महिने साडेपाच हजारांच्या वर गेले तर पुन्हा लिहा, मग कर्जाचं बोलू.