फितूर म्हणवून घेण्याची तयारी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लिहायला लगेच बसलो होतो, पण सोबत जोडलेली यादी वाचली आणि थांबलो. सात नावं. प्रत्येकाचं वय, शिक्षण, काम, आणि शेवटच्या रकान्यात तुझ्या अक्षरात ‘प्रभावी वक्ता’. सातही नावांपुढे तेच. दुभंगलेला देश सांधू शकेल असा उद्याचा नेता आजच हेरायचा आणि त्याच्या पाठीशी उभं राहायचं, हा तुमच्या गटाचा विचार मला मनापासून पटतो. निवडणूक तोंडावर आल्यावर माणूस शोधायला निघणारे मी पुष्कळ पाहिले. तुम्ही दहा-पंधरा वर्षं आधी निघालात. म्हणूनच भीड न ठेवता लिहितो, तो शेवटचा रकाना खोडून टाक.

वक्तृत्वाचं मला वावडं नाही. पण देशात दोन तट पडलेले असताना टाळ्या कुठल्या वाक्याला पडतात ते एकदा कान देऊन ऐक. बहुतेक वेळा समोरच्यांना झोडपणाऱ्या वाक्याला. ऐक्याची भाषा बोलणारेसुद्धा पुष्कळदा एवढंच सांगत असतात की ‘त्यांनी’ सुधारावं, मग आपण सगळे एकच आहोत. आपल्या लोकांना ते गोड लागतं. तुटलेलं सांधणाऱ्याचं खरं भांडण मात्र स्वतःच्याच माणसांशी असतं. विरोधकाला जाऊन भेटणं त्या मानाने सोपं. परत येऊन आपल्या माणसांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘हो, मी त्यांच्याशी बोललो, आणि अमुक गोष्ट आता आपल्याला सोडावी लागेल’, इथे भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्या रिकाम्या रकान्यात हे लिही: या माणसाने आपल्याच लोकांना न रुचणारी गोष्ट शेवटची कधी सांगितली, कुणासमोर, आणि त्यापायी काय गमावलं.

स्पेनच्या आदोल्फो सुआरेझचं नाव तुमच्या गटात किती जणांना ठाऊक आहे? १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये हुकूमशहा फ्रँको वारला. यादवी युद्ध संपून छत्तीस वर्षं लोटली होती, तरी जिंकलेले आणि हरलेले ही फाळणी घराघरांत जिवंत होती. पुढच्या जुलैत फ्रँकोनंतर गादीवर आलेल्या राजाने सुआरेझला पंतप्रधान नेमलं तेव्हा लोकशाहीची वाट पाहणाऱ्यांची घोर निराशा झाली. हा त्रेचाळीस वर्षांचा माणूस फ्रँकोच्या राजवटीतल्या एकमेव अधिकृत राजकीय संघटनेचा सरचिटणीस होता. तुझ्या यादीत तो कधीच आला नसता. माझ्याही आला नसता. त्याने फ्रँकोच्या काळात भरलेल्या संसदेपुढेच त्या संसदेचा शेवट करणारा कायदा मांडला, आणि १८ नोव्हेंबर १९७६ ला तो ४२५ विरुद्ध ५९ मतांनी मंजूर करून घेतला. वाड्याची आतली दारं वाड्यात वाढलेल्यालाच ठाऊक असतात.

मग ९ एप्रिल १९७७, ईस्टरच्या आदल्या दिवशी, लोक सुट्टीवर असताना त्याने कम्युनिस्ट पक्ष कायदेशीर ठरवला. यादवी युद्धातला हा फ्रँकोवाद्यांचा हाडवैरी. सैन्यातले वरिष्ठ खवळले, नौदलमंत्र्याने राजीनामा दिला. ज्यांच्यात तो वाढला त्यांच्या लेखी सुआरेझ त्या दिवसापासून फितूर झाला. आणि पलीकडे बघ. कम्युनिस्टांचा नेता सांतियागो कारिल्यो. त्याच्या पक्षाने आठवडाभरात राजेशाही आणि राजेशाहीचा झेंडा मान्य केला. ज्यांनी यादवीत हरलेल्या प्रजासत्ताकाच्या झेंड्याखाली भाऊ गमावले होते, ज्यांची उभी हयात परागंदा अवस्थेत गेली होती, त्यांना हे सांगणं काय असेल, विचार कर. दोघांनीही आपापल्या घरात विस्तव ओढवून घेतला, म्हणून १५ जून १९७७ ची निवडणूक होऊ शकली.

या गोष्टीतला एक क्षण माझ्या मनातून जात नाही. २३ फेब्रुवारी १९८१. बंड करून उठलेले सशस्त्र सिव्हिल गार्ड, म्हणजे लष्करी शिस्तीच्या पोलीसदलाचे जवान, भर अधिवेशनात संसदेत घुसले आणि छताच्या दिशेने गोळ्या झाडू लागले. जवळजवळ सगळे सभासद बाकांखाली गेले. संरक्षण सांभाळणारा उपपंतप्रधान, म्हातारा जनरल गुतिएर्रेझ मेयादो, बंदूकधाऱ्यांच्या अंगावर धावून गेला. सुआरेझ आपल्या जागेवर ताठ बसून राहिला. समोरच्या बाकांवर कारिल्योही बसून राहिला. एक फ्रँकोच्या राजवटीत वाढलेला, दुसरा आयुष्यभर तिच्याशी लढलेला. छतातली ती गोळ्यांची भोकं तिथे अजून तशीच राखून ठेवली आहेत. आणि सुआरेझला याचं फळ काय मिळालं? त्याने आधीच राजीनामा दिला होता. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या नव्या पक्षाला २ जागा मिळाल्या. यादीतल्या सातांपैकी कोण इतकं गमवायला तयार असेल, ते तुला शोधायचं आहे.

उत्तर आयर्लंडमध्येही असंच घडलं. आयर्लंडच्या ऐक्याची बाजू शांततेने मांडणारा नेता जॉन ह्यूम १९८८ पासून सशस्त्र लढ्याशी नातं असलेल्या पक्षाच्या गेरी अ‍ॅडम्सशी बोलत होता, तेव्हा खुद्द त्याच्या पक्षातून आणि वर्तमानपत्रांतून त्याच्यावर टीकेची झोड उठली. पलीकडे डेव्हिड ट्रिंबलला त्याच्याच युनियनिस्टांनी, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्यांनी, सुखाने झोपू दिलं नाही. १० एप्रिल १९९८ चा करार झाला, सार्वमतात तिथल्या ७१ टक्के लोकांनी त्याला कौल दिला, दोघांना नोबेल मिळालं. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत ह्यूमचा पक्ष अ‍ॅडम्सच्या पक्षाच्या मागे पडला, २००५ मध्ये ट्रिंबल स्वतःची जागाही हरला. हे वाचून निराश होऊ नकोस. करार टिकला.

नेल्सन मंडेलांबद्दल तू लिहिलंयस, ‘असा माणूस शतकातून एकदाच’. हे वाक्य मला मान्य नाही, कारण ते म्हटलं की शोधच संपतो. मंडेलांनी जे केलं त्यातलं बरंचसं शिकता येण्यासारखं आहे. तुरुंगात त्यांनी आफ्रिकान्स भाषेचा अभ्यास केला, ज्यांनी कोंडलं त्यांची भाषा. हे दैवी नाही, हा रोज संध्याकाळचा गृहपाठ आहे. आणि १९९३ चा तो एप्रिल. १० तारखेला ख्रिस हानी या कृष्णवर्णीयांच्या अत्यंत लोकप्रिय नेत्याचा त्याच्या घराच्या दारातच एका गोऱ्या माणसाने खून केला. देश पेटायला काडी पडायचाच अवकाश होता. मंडेलांकडे तेव्हा कुठलंही सरकारी पद नव्हतं. ते दूरचित्रवाणीवर आले आणि संतापाने फुटायला आलेल्या आपल्या लोकांना त्यांनी आवर्जून सांगितलं की एका गोऱ्याने हा खून केला, आणि खुनी पकडला जावा म्हणून जिवावर उदार होऊन पुढे आली तीही एक गोरी आफ्रिकानर बाईच. शेजारच्या त्या बाईने गाडीचा नंबर पोलिसांना कळवला होता. दोन्ही वाक्यं खरी होती. तेव्हा दुसरं गाळणं किती सोपं होतं!

इतक्या मोठ्या गोष्टी तुला तुझ्या यादीतल्यांत दिसणार नाहीत हे मला ठाऊक आहे. छोट्या प्रमाणात मात्र नक्की दिसतील. मी हे एकदा फार जवळून पाहिलं. एका संस्थेच्या कार्यकारिणीत मी होतो. दोन गट, दोन वर्षांचा तंटा, एकमेकांकडे न बघता बसणारी माणसं. इतिवृत्त लिहायचं काम एका तरुण मुलीकडे होतं, ती आमच्या गटाची. बैठकीचा पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ती वाचू लागली, आणि विरोधी गटाच्या एका ज्येष्ठाचं म्हणणं तिने त्याच्याच शब्दांत, त्याच्या कारणांसकट, दीड पान लिहिलेलं होतं. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, ‘एवढं सविस्तर कशाला? “चर्चा झाली” एवढं पुरे.’ मीही मान डोलावली. तिने मान वर केली, शांतपणे म्हणाली, ‘ते असंच बोलले होते,’ आणि पुढचं वाचायला लागली. वाचून झाल्यावर तो ज्येष्ठ माणूस, दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे वळून म्हणाला, ‘हो. मला हेच म्हणायचं होतं.’

त्या दिवशी तंटा मिटला नाही. पण पुढच्या बैठकीला त्यांच्यातले दोघे वेळेवर आले, आणि एका कलमावर बोलणं झालं. पुढच्या वर्षी आमच्या गटाने इतिवृत्ताचं काम तिच्याकडून काढून घेतलं. मी तेव्हा गप्प बसलो, याची खंत अजून आहे. देश सांधणारा माणूस हेरण्याची माझ्याकडे जी काही कसोटी आहे ती मला त्या मुलीने दिली: समोरच्याचं म्हणणं असं मांडता यावं की समोरच्यानेच म्हणावं, ‘मला हेच म्हणायचं होतं.’ तुझ्या सातही जणांची ही परीक्षा घे. विरोधी बाजूची बाजू पाच मिनिटं मांडायला सांग, आणि ऐकायला त्या बाजूचीच चार माणसं बसव.

जागाही बदल. तुम्ही व्यासपीठांवर शोधताय. लायबेरियात यादवी चालू असताना २००३ मध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून एकत्र बसल्या. घानाची राजधानी अक्रा इथे वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्या सभागृहाच्या दाराशी ठाण मांडून बसल्या आणि प्रतिनिधींना बाहेर पडू देईनात. त्यांची पुढारी लेमा बोवी तेव्हा तिशीतली होती. युद्धाने मोडून पडलेल्या माणसांना, बालसैनिकांनासुद्धा, पुन्हा उभं करण्याचं काम ती करत होती. जिथे दोन्ही बाजूंना रोज एकमेकांशी काम पडतं तिथे बघ: रुग्णालयात, पाणीवाटपाच्या समितीत, कामगारांच्या संघटनेत, शाळेच्या पालकसभेत. आणि माणसाभोवती कोण आहे तेही बघ. लिंकनने १८६१ च्या मंत्रिमंडळात सुअर्ड, चेस आणि बेट्स यांना घेतलं, उमेदवारीसाठी त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले हे तिघे. ज्याच्या भोवती फक्त त्याची री ओढणारे आहेत, त्याला सत्ता मिळाल्यावर तो बदलेल अशी आशा धरू नकोस.

एका बाबतीत मला तुमच्या गटाची काळजी वाटते. तुम्ही सगळे भल्या मनाचे आहात, आणि असा माणूस खरंच सापडला तर त्याला देव्हाऱ्यात बसवाल. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. युगोस्लाव्हियाची एकी तिथला सर्वेसर्वा टिटो याच्या दरार्‍यावर उभी होती. तो ४ मे १९८० ला गेला, त्यानंतर अध्यक्षपद पाळीपाळीने फिरवून पाहिलं, आणि १९९१ पासून देश फुटत गेला. त्याआधी टिटोने मतभेद दाबले होते, ते मिटवायची सवय कुणालाच लागली नव्हती. म्हणून ज्याच्या पाठीशी उभे राहाल त्याला पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारा, आणि तो चिडतो की उत्तर देतो ते टिपून ठेवा. त्याने निवडणूक हरल्यावर काय केलं, पद सोडायची वेळ आली तेव्हा कसं सोडलं, हेही त्या वहीत असू दे. शाळेतल्या वर्गप्रतिनिधीची निवडणूक असली तरी चालेल.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाकडे येतो. तो तू घाईत लिहिलायस, अक्षरही बदललंय. तुमच्यातला एक जण गट सोडून गेला. त्याचं म्हणणं होतं की विरोधी बाजूच्या तरुणांना बैठकीला बोलावलं पाहिजे, तुम्ही नाही म्हणालात. मग तो एकटाच त्यांना भेटायला गेला. परत आल्यावर त्याने त्यांचं म्हणणं तुमच्यासमोर मांडायला सुरुवात केली, तेव्हा कुणीतरी त्याला फितूर म्हटलं, आणि तो वही मिटून निघून गेला. तू लिहिलंयस, ‘अशा माणसांमुळे एकी राहत नाही.’

त्याचं नाव तुझ्या सात जणांत नाही. तो नेता होईल की नाही मला सांगता येत नाही, तो माझ्या ओळखीचाही नाही. पण या रविवारी त्याच्याकडे जा. गटात परत ये म्हणायला नको, समजूत घालायलाही नको. त्या दिवशी तो जे सांगत होता आणि तुम्ही जे पुरतं ऐकून घेतलं नाही, ते त्याला वही उघडून पहिल्यापासून सांगायला सांग. मध्ये बोलू नकोस. आणि तो काय म्हणाला ते मला त्याच्याच शब्दांत लिहून कळव.

तुझा,
वयाने मोठा असलेला एक सोबती