गोपनीयतेच्या संशोधनात पहिले पाऊल टाकताना

पीएचडीच्या सुरुवातीलाच गोपनीयता, सायबर सुरक्षा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अशा तीन डगरींवर पाय ठेवू नका. एकच नेमका प्रश्न निवडा. नावे काढली की माहिती निनावी झाली, हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज आहे. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेतील केंब्रिज शहराची मतदारयादी अवघ्या २० डॉलरना विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व झिपकोड (अमेरिकेतला पिनकोड) जुळवून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची 'निनावी' वैद्यकीय नोंद हुडकून काढली. २००८ मध्ये नारायणन आणि श्मातिकोव्ह या संशोधकांनी नेटफ्लिक्सवरील प्रेक्षकांच्या चित्रपट-मानांकनांबाबत तेच सिद्ध केले. हे काम आधी मुळातून वाचा आणि एखादा प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहा (यात कमीपणा मुळीच नाही). डिफरेन्शियल प्रायव्हसीचे (उत्तरांत मोजूनमापून यादृच्छिक फरक मिसळून व्यक्तीची माहिती झाकण्याच्या पद्धतीचे) गणित तूर्त बाजूला राहू द्या. मात्र दुसऱ्याच्या चालू यंत्रणेची परवानगीशिवाय चाचणी घेऊ नका, आणि नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्यापूर्वीच घ्या. नंतर ती सहसा मिळत नाही.