दाराशी साचलेल्या चपला आणि सुटकेचं गणित

प्रश्न : बेळगावात खानापूर रस्त्याला आमचं मंगल कार्यालय आहे. लग्नाला सहाशे माणसं सहज होतात. पुढचं दार पाच फुटी, मागचंही तेवढंच, पण ते आचारी वापरतात. आगीच्या वेळी माणसं कशी बाहेर पडतील याचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून घेऊ, असं मुलगा म्हणतो. खर्च करावा का?

आधी कागदावर गणित मांडा, त्याला पैसे पडत नाहीत. पाच फूट म्हणजे दीड मीटर. माणूस चौकटीपासून अंग चोरून चालतो, म्हणून दोन्ही बाजूंचे १५-१५ सेंटिमीटर वजा करायचे. उरले १.२ मीटर. गर्दीत एका मीटर रुंदीतून सेकंदाला फार तर १.३ माणसं बाहेर पडतात, म्हणजे तुमच्या दारातून साधारण दीड. सहाशे माणसांना जवळपास साडेसहा मिनिटं लागली. मागचं दार धरलं तर वेळ निम्मा होतो, पण तो कागदावरच. पाहुण्याला ते दार ठाऊकच नसतं. माणूस आला त्याच वाटेने परत जातो. अमेरिकेत र्‍होड आयलंडमधल्या ‘स्टेशन’ नाइटक्लबला २० फेब्रुवारी २००३ ला आग लागली. इतर दारं असूनही बहुतेक लोक पुढच्या दाराकडे धावले आणि तिथेच एकमेकांवर पडून अडकले. १०० जीव गेले.

आता चपलांचं बघा. गेल्या हंगामात मी एका कार्यालयाच्या दाराशी टेप घेऊन उभा राहिलो. दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या, पण चपलांच्या ढिगामुळे पाय ठेवायला जेमतेम तीन फूट जागा उरली होती. वजावट करून साठ सेंटिमीटर, म्हणजे वेळ थेट दुप्पट. हे कुठल्याही सॉफ्टवेअरला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा चपलांचे रॅक दारापासून लांब हलवा, मागच्या वाटेवरचे सिलिंडर आणि पातेली काढा, ते दार पाहुण्यांच्या नजरेला पडू द्या. मग मुलाला खुशाल सिम्युलेशन करू दे. अक्षतांच्या वेळी सगळे स्टेजकडे सरकतात आणि पंगतीच्या वेळी टेबलांमधे विखुरतात. दोन्ही वेळा वेगवेगळ्या चालवून बघायला सांगा.

प्रश्न : टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर माझे क्लासेस आहेत. प्रत्येक वर्गात स्मोक डिटेक्टर लावले. आणखी काही हवं का?

जागा चुकली. आग तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत लागली तर धूर आधी जिन्यात चढतो. तुमच्या वर्गातला डिटेक्टर वाजेल तेव्हा उतरायची वाटच बंद झालेली असेल. सुरतेत २४ मे २०१९ ला क्लासच्या इमारतीला आग लागली, २२ विद्यार्थी गेले. कित्येकांनी वरून उड्या टाकल्या. एक डिटेक्टर मीटरपाशी हवा, एक जिन्यात प्रत्येक मजल्यावर, आणि सगळे एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे खाली धूर झाला की वरही वाजेल. मालक परवानगी देत नसेल तर जागा बदला, असंच मी सांगेन.

आणि नुसती घंटा पुरत नाही. घंटा वाजली की पोरं एकमेकांची तोंडं बघतात, कुणी दप्तर भरत बसतं. न्यूकॅसलच्या भुयारी रेल्वे स्थानकात अशी चाचणी झाली होती : घंटेवर प्रवासी फार उशिरा हलले, ध्वनिक्षेपकावरून ‘काय झालंय, कुठे जा’ हे सांगितल्यावर लवकर निघाले. तुमचा निरोप मराठी आणि कन्नड दोन्हींत रेकॉर्ड करा. आपल्याकडे पाट्यांच्या भाषेवरून काय होतं ते माहीत आहे, पण घाबरलेलं पोर आपल्याच भाषेतलं ऐकतं. बाहेरची वाट दाखवणाऱ्या हिरव्या पाटीवरच्या पळणाऱ्या माणसाला मात्र भाषा लागत नाही. ती दिव्याची आणि बॅटरीवर चालणारी घ्या.

प्रश्न : उद्यमबागेत छोटी फौंड्री आहे. डिटेक्टर रोज उगाच वाजतो म्हणून कामगारांनी त्यावर पिशवी बांधली.

भट्टीपाशी स्मोक डिटेक्टर लावणाऱ्याची चूक, कामगारांची नाही. तिथे ठरावीक तापमानाला वाजणारा हीट डिटेक्टर लावा. तोही भट्टीच्या रोजच्या उष्णतेपेक्षा बराच वरचा आकडा निवडून. तापमान झपाट्याने चढलं की वाजणारा प्रकार भट्टीजवळ टाळा. स्मोक डिटेक्टर साच्यांच्या लाकडी पॅटर्नच्या खोलीत आणि ऑफिसात ठेवा. आत कोण राहिलंय ते कळावं म्हणून हजेरीच्या पंचिंग मशिनची यादी गेटबाहेर मोबाइलवर दिसेल अशी सोय करा, पण कंत्राटी माणसं त्या यादीत आहेत का, हे आधी बघा.

प्रश्न : इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी सिम्युलेशन केलं. माणसांना जोरात पळवलं तर उलट वेळ वाढला. प्रोग्राम चुकलाय का?

नाही, उलट बरोबर आलाय! डिर्क हेल्बिंग, इलेश फार्कश आणि तमाश विचेक या शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात नेमकं हेच दाखवलं. सगळे एकदम रेटले की दाराशी माणसांची कमान धरते. ज्वारीचं पोतं एकदम उलटं केलं की दाणे तोंडाशी अडतात, तसंच काहीसं.

एक शंका मात्र आहे. तुझी सगळी माणसं घंटेच्या पहिल्या सेकंदाला चालायला लागली असतील, तर उत्तर कितीही सुबक येवो, खोटं आहे. कॉलेज सुटतं त्या वेळी जिन्याचा व्हिडिओ घे (परवानगी घेऊन), चालण्याचा वेग मोज. आगीच्या पुढच्या सरावाच्या वेळी घंटेनंतर पहिलं पाऊल पडायला किती सेकंद लागतात तेही टिपून ठेव आणि आकडे प्रोग्राममध्ये घाल. जर्मनीच्या युलिश संशोधन केंद्राचं जुपेडसिम हे गर्दीच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावरही एकदा चालवून बघ. दोन्हींचे वेळ जुळले नाहीत तर कुठल्या गृहीतामुळे, ते शोध. व्हायव्हाला बाहेरून येणारे सर तेच विचारतील.