ॲटलासच्या खांद्यावर नेमकं काय आहे?

प्रश्न: ग्रीक पुराणातला ॲटलास हा टायटन मुळात कोण, आणि त्याला पृथ्वी उचलून धरायची शिक्षा का झाली?

आधी एक दुरुस्ती करतो. त्याच्या खांद्यावर पृथ्वी नाही, आकाश आहे. हा घोटाळा सर्रास होतो. शाळेत असताना पाठीवर गोळा घेतलेला तो उघडा बाप्या चित्रात बघून मीही पृथ्वीच धरून चाललो होतो. त्यात आपल्या डोक्यात शेषनाग आधीपासून बसलेला, त्यामुळे पृथ्वी कुणीतरी तोलून धरली आहे हे आपल्याला लगेच पटतं. पण ॲटलास उभा आहे तोच पृथ्वीच्या पश्चिम टोकाला. तीच उचलायची तर पाय कुठे टेकवणार?

आता कुळकथा. गाया म्हणजे भूमी आणि युरेनस म्हणजे आकाश. या दोघांची बारा मुलं म्हणजे मूळचे टायटन. त्यातल्या आयापेटसला क्लायमेनी या सागरकन्येपासून चार मुलगे झाले: ॲटलास, मेनिटियस, प्रॉमिथिअस आणि एपिमिथिअस. म्हणजे ॲटलास टायटनांच्या दुसऱ्या पिढीतला, आणि माणसांना अग्नी आणून देणाऱ्या प्रॉमिथिअसचा सख्खा भाऊ. मला यातली गंमत वाटते ती वेगळीच. ग्रीक भाषेत आकाशाला शब्द ‘उरानोस’, आणि आजोबांचं नावही तेच. हेसिओड या प्राचीन ग्रीक कवीची ओळ शब्दशः घेतली तर नातू आजोबांना खांद्यावर घेऊन उभा आहे.

शिक्षेचं कारण बहुतेक ठिकाणी असं सांगतात की टायटन आणि देवांचा राजा झ्यूस यांच्यात दहा वर्षं युद्ध झालं, ॲटलास हरलेल्या बाजूला होता, म्हणून झ्यूसने त्याच्यावर हा भार टाकला. पण इसवी सनापूर्वी साधारण 700 च्या सुमाराचा हेसिओड एवढं स्पष्ट बोलत नाही. झ्यूसने त्याच्या वाट्याला हे दिलं आणि तो डोक्याने व न थकणाऱ्या हातांनी आकाश धरून आहे, इतकंच तो सांगतो. ॲटलासला टायटनांचा सेनापती केलं ते पुढच्या लॅटिन लेखकांनी. होमरच्या ‘ओडिसी’त तर शिक्षेचा उल्लेखच नाही. तिथे तो कॅलिप्सो या अप्सरेचा बाप आहे, त्याला सगळ्या समुद्रांचा तळ ठाऊक आहे आणि आकाश नि भूमी यांना वेगळं ठेवणारे उंच खांब त्याच्या ताब्यात आहेत. रोमन कवी ओव्हिडने आणखी तिसरंच काढलं: पर्सियस हा वीर मेड्यूसा या राक्षसिणीचं, बघणाऱ्याचा दगड करणारं मुंडकं दाखवतो आणि ॲटलासचा डोंगर होतो, तोच उत्तर आफ्रिकेतला ॲटलास पर्वत.

मग गोळा कुठून आला? नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक संगमरवरी पुतळा आहे, फार्नेसे ॲटलास या नावाने ओळखला जातो. दोन मीटरहून उंच. एक गुडघा टेकलेला, मान ओझ्याने वाकडी झालेली. मानेवरच्या गोळ्याजवळ गेलं की देश किंवा समुद्र दिसत नाहीत. दिसतात बैल, विंचू, जहाज, म्हणजे तारकासमूहांच्या उठावदार आकृत्या. तो खगोल आहे. लांबून मात्र गोळा तो गोळाच. त्यात 1595 साली नकाशाकार मर्केटरचा नकाशासंग्रह ‘ॲटलास’ नावाने निघाला. त्याने नाव घेतलं होतं ते उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटेनियाच्या ॲटलास नावाच्या ज्ञानी राजाचं, पण नकाशे आणि ॲटलास ही जोडी एकदा जमली ती जमलीच, आणि लोकांनी पाठीवरचा गोळा पृथ्वीचा करून टाकला.

मला सगळ्यात आवडतं ते मात्र ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरातलं शिल्प, इसवी सनापूर्वी 460 च्या आसपासचं. गोष्ट तुम्हाला माहीत असेल: हेराक्लिस (म्हणजेच हर्क्युलिस) या वीराला सोन्याची सफरचंदं हवी होती. ॲटलास ती आणायला गेला आणि तेवढ्या वेळापुरतं आकाश हेराक्लिसने घेतलं. परत आल्यावर ॲटलास म्हणाला, सफरचंदं मीच पोचवतो, तू धरून राहा. यावर हेराक्लिस म्हणाला, बरं, पण डोक्यावर जरा चुंबळ ठेवतो, तोवर धर. ॲटलासने भोळेपणाने सफरचंदं खाली ठेवली, आकाश घेतलं आणि कायमचा अडकला. बाजारात डोक्यावर पाटी घेणाऱ्या कुठल्याही बाईला हा डाव लगेच कळला असता.

शिल्पात हेराक्लिसच्या मानेखांद्यावर घडी घातलेली उशी स्पष्ट कोरली आहे. समोरून ॲटलास दोन्ही हातांत सफरचंदं घेऊन येतोय. मागे अथेना देवी, तिने एकच हात वर केलाय, अगदी सहज, जणू दाराची चौकट धरावी तसा. आणि आकाश? ते कोरलेलंच नाही. दगडी चौकटीची वरची कडा हेच आकाश.