विश्वास कमी पडतोय वाटलं तरी प्रार्थना सोडू नकोस

भावा, घरची अडचण आहे, विश्वास कमी पडतोय म्हणालास ना, तर एवढ्या अडचणीत अख्खं बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नकोस, लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाऊन दमशील. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूच्या जीवनाचं पुस्तक घे, 16च अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी होतंय की. त्यातला 9वा मात्र सावकाश वाच, आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, म्हणजे अर्धामुर्धा विश्वास घेऊन आला तरी येशूनं त्याला परत नाही पाठवलं, पोराला बरं केलं. तू पण तसाच ये.

देवावर राग आला तर ते पाप आहे असं कोण म्हणालं तर ऐकू नकोस. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र बघ, देवा मला कुठवर विसरणार म्हणून सरळ विचारलंय, 88वं तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी हीच मोठ्यानं वाचतो, स्वतःचे शब्द सुचत नसतात ना, फार आधार होतो.

रविवारी एकटा घरी बसू नकोस. बेळगावात कॅम्पात, खानापूरकडं चर्च आहेत, मराठी उपासना कुठं कितीला ते आधी विचारून घे, काही ठिकाणी कन्नड नाहीतर कोंकणीत असते. संपल्यावर लगेच बस पकडायला पळू नकोस, पाळकसाहेबांना भेट, घरची अडचण सांग, नाव घेऊन प्रार्थना करतील. आणि ‘विश्वास ठेव, गोळ्या बंद कर’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकायचं नाही, डॉक्टरकडं जायचंच, येशूचा प्रेषित पौल, त्याच्या सोबतचा लूक स्वतः वैद्य होता.