पंधरा वर्षांनी मस्कतला, आणि एक न केलेला फोन

"मॅडम, तिकीट काढलंय पण झोप उडालीय." साठीच्या एक काकू आल्या होत्या माझ्याकडे समुपदेशनाला (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत). 1994 ते 2009 त्या मस्कतला रुवीमध्ये राहिल्या, एकाच बिल्डिंगमध्ये चार मराठी घरं, पोरं कुणाकडे जेवली ते रात्री कळायचं. गल्फमध्ये नोकरी संपली की व्हिसा संपला, त्यामुळे महिनाभरात गाशा गुंडाळून पुण्याला यावं लागलं. आता मैत्रिणींना भेटायला निघाल्या होत्या आणि एकच घोर, आपण परक्या झालो असू तर?

ही काळजी घेऊन खूप जण येतात. मी आधी विचारते, नक्की कुणासमोर जायची धास्ती वाटतेय? काकू बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत बसल्या. मग म्हणाल्या, कोविडमध्ये एकीचा नवरा गेला आणि मी फोनच केला नाही, आधी काय बोलावं सुचेना, मग महिना गेला, मग वर्ष, मग आता कुठल्या तोंडाने करू असं झालं.

बॅगेत बाकरवडीची सहा पाकिटं भरून ठेवलेली त्यांनी! पण टाळलेला फोन खाऊने फिटत नाही हो. मी म्हटलं, जायच्या आधी बोला, सबबी अजिबात नकोत. काकूंनी व्हॉइस मेसेज तीनदा रेकॉर्ड करून पुसला, चौथ्यांदा पाठवला, "तुझ्यावर एवढं कोसळलं तेव्हा मी फोन केला नाही. चुकलं माझं."

दोन दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं, "गोडा मसाला आण. माझा संपलाय."

परत आल्यावर फोटो दाखवले, मत्राहची कॉर्निश म्हणजे समुद्रकाठचा रस्ता, सूकमधली, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातली लोबानाची दुकानं, खजूर नि काहवा, म्हणजे अरबी कॉफी. पण सांगत होत्या त्या गुरुवारचं. तिथे आधी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, 2013 पासून शुक्रवार-शनिवार झाली, हे डोक्यातच नाही, काकू सकाळी तयार होऊन बसल्या आणि तीच मैत्रीण शाळेत शिकवायला निघून गेली. सकाळभर हिरमुसून बसल्या त्या रिकाम्या घरात.

दुपारी ती आली, आमटी टाकली, मसाल्याचं पाकीट फोडून वास घेतला आणि ओट्यापाशीच रडायला लागली. "यांना रोज लागायची गं."

काकू काही बोलल्या नाहीत. आमटी उतू जायला आली होती, त्यांनी गॅस बारीक केला आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.